एक विनंती आणि पाच विद्या
('ख्रिस्तपुराणा'च्या वाचनासंबंधी काही विचार)

आपल्या समाजातील कोणताही साहित्यिक सोहळा घ्या. त्याच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठीस्तुतीच्या ओव्या म्हटल्या जाणार, हे जवळजवळ ठरलेले असते. रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशी एकेका जातीतील श्रेष्ठ वस्तू घेऊन त्या मालिकेत मराठीला बसवणाऱ्या या ओव्या खरोखरच सुंदर आहेत. परंतु त्या ज्या हेतूने म्हटल्या जातात, तो हेतू काव्यास्वादाचा क्वचितच असतो. आपण त्या ओव्या दाखल्यासारख्या सादर करतो. आम्ही परके नव्हेत, चारशे वर्षांपूर्वीच आमच्या एका धर्मगुरूने या भाषेला मुकुट चढवला होता, असे त्यातून सुचवायचे असते.

हा दाखला मागणारेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर कसा, अशी विचारणा झाली आणि विरोधाचे सूरही उमटले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे ते संमेलन पार पडले. पण तो प्रश्न तेथे संपला असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मराठीच्या वारशात कोणाकोणाचा वाटा, ही चर्चा नव्याने सुरू झाली.

या चर्चेत 'ख्रिस्तपुराणा'विषयी दोन मते ऐकू येतात. एका मताने तो मराठीवरील निखळ प्रेमाचा ग्रंथ आहे. दुसऱ्या मताने तो सत्तेच्या आश्रयाने चाललेल्या धर्मांतराचे गोड आवरण आहे. दोन्ही मतांचे लोक ग्रंथातील सोयीचा तेवढाच भाग वाचतात, आणि तोही एकाच विद्येच्या चष्म्यातून. पहिले लोक त्याला केवळ काव्य समजतात, दुसरे केवळ इतिहासाचे कागदपत्र. गुंतागुंतीचा प्रश्न एका विद्येने सोडवू पाहिला म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या वाङ्मयात सापडणे कठीण. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रचंड ग्रंथातील एकच लहानसा प्रसंग घेऊन त्याच्याकडे पाच निरनिराळ्या विद्यांच्या दृष्टीने पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम ग्रंथाची थोडक्यात ओळख. स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. रोममध्ये येशूसंघात प्रवेश करून ते ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षांचे आयुष्य त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात वेचले. १६१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आणि फादर कारिदाद द्राग्हो यांनी १९९६ मध्ये हा ग्रंथ आणला. पुढे फादर नेल्सन फाल्काव यांनी त्याचा गद्यार्थही उपलब्ध करून दिला. 'पहिले पुराण' जुन्या कराराचे, 'दुसरे पुराण' नव्या कराराचे. मिळून पंचाण्णव 'अवस्वरू' म्हणजे अध्याय आणि सुमारे अकरा हजार ओव्या.

आता तो प्रसंग. ज्या पहिल्या अवस्वरूत मराठीची स्तुती आहे, त्याच अवस्वरूत तो येतो. धर्मशिक्षणाच्या वेळी जमलेल्या मंडळींतून एक ब्राह्मण पुढे होतो आणि पाद्रीगुरूंना विनंती करतो. तिचा आशय असा की, तुमची शिकवण चांगली आहे. पण आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केलीत, तर त्यांच्यासारखे दुसरे पुराण आम्हांस का करून देत नाही? गुरूंना ती विनंती पटते आणि ग्रंथाची उभारणी होते. स्तुतीच्या ओव्या आपल्याला पाठ आहेत. मात्र याच अध्यायातील ही विनंती सभेत कोणी म्हणून दाखवल्याचे सहसा आढळत नाही.

काव्यशास्त्राचा अभ्यासक हा प्रसंग वाचून म्हणेल की, यात नवे ते काय? आपल्या पुराणांची रचनाच श्रोता आणि वक्ता यांच्या संवादाची. परीक्षिताने विचारावे आणि शुकाने सांगावे, शौनकादिकांनी पृच्छा करावी आणि सूताने कथन करावे. श्रोत्याच्या प्रश्नावाचून पुराणाला तोंड फुटत नाही. स्टीफन्स यांनी ओवी उचलली, आरंभीचे नमन उचलले, त्याचप्रमाणे पृच्छक श्रोताही उचलला. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवीचा त्यांनी किती बारकाईने अभ्यास केला होता, हे त्यांच्या पानापानांवर दिसते. म्हणून हा ब्राह्मण हाडामांसाचा मनुष्य असलाच पाहिजे असे नाही. तो एक काव्यसंकेत असू शकेल. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. 'लोकांनीच मागणी केली म्हणून ग्रंथ लिहिला' असे जे आपण भोळेपणाने सांगतो, त्याला ते लगाम घालते.

परंतु येथेच थांबलो तर काव्यशास्त्रही आपली फसवणूक करील. शुकाला प्रश्न विचारणाऱ्या परीक्षिताची जुनी पोथी कोणी हिरावून घेतलेली नव्हती. स्टीफन्स यांच्या श्रोत्याच्या तोंडी मनाईचा उल्लेख आहे, आणि तो काव्यसंकेतात बसत नाही. तो कोठून आला, हे सांगण्यासाठी इतिहासाला बोलवावे लागते.

इतिहासाचे उत्तर कठोर आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे जाळण्या-पाडण्याची मोठी मोहीम झाली आणि त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मसभेने हिंदू आचारांवर निर्बंध घालणारे ठराव केले. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांचा वध झाला. त्यांचे देह परत मिळवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत स्टीफन्स होते. आपल्या पंचांगांत या हुतात्म्यांचा दिवस नोंदलेला असतो आणि तो नोंदणे योग्यच आहे. पण त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात नेऊन ठार करण्यात आले, ही गोष्टही तितकीच नोंदण्यासारखी आहे. मनाईचा तो उल्लेख या भूमीतून आलेला आहे. जप्त झालेल्या किंवा लपवलेल्या पोथ्यांच्या जागी हे पुराण उभे राहिले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या मराठी व कोकणी रामायण-महाभारत कथांची हस्तलिखिते आजही आहेत. मिशनरी मंडळी ज्या पुराणांना मनाई करीत होती, त्यांचाच अभ्यास स्वतः करीत होती, याची ती साक्ष होत.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकालाही काव्यशास्त्राचा इशारा ऐकावा लागतो. तो ब्राह्मण कदाचित कविकल्पित असेल, तर त्याच्या मुखातील समाधान हा लोकमताचा पुरावा धरता येणार नाही. 'तुमची शिकवण चांगली आहे' हे वाक्य धर्मगुरूने लिहिलेले आहे. त्याउलट मनाईचा उल्लेख अधिक विश्वसनीय ठरतो, कारण तो लिहिणाऱ्याला गैरसोयीचा आहे. साक्षीदार आपल्याला अडचणीचे बोलतो, तेव्हा त्याचे वजन वाढते. एकाच विनंतीचा एक अर्धा भाग सावधपणे घ्यावा आणि दुसरा भरवशाने, हा विवेक एकट्या इतिहासाला किंवा एकट्या काव्यशास्त्राला करता आला नसता.

आणखी एक प्रश्न समाजाच्या रचनेचा. मागणी करणारा ब्राह्मणच का? साष्टीत धर्मांतर झाले तरी जातींची उतरंड मोडली नाही, ती गावकारीच्या हक्कांबरोबर नव्या धर्मातही आली. ज्यांना पूर्वी पोथी वाचण्याचा अधिकार होता, तेच पोथी गेल्याची खंत बोलून दाखवू शकत होते. ज्यांना तो अधिकार नव्हता त्यांचा या प्रसंगात आवाज नाही. पुढे गोव्यात आणि कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत हे पुराण गाऊन वाचले जाऊ लागले. तेव्हा ते मूळच्या पृच्छकाच्या हातून निसटून ऐकणाऱ्या सर्वांचे झाले. टिपूच्या काळात श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात कानडा प्रांतातील ख्रिस्ती लोकांना या ओव्यांचा आधार वाटला, असे परंपरा सांगते.

तिसरी विद्या भाषाशास्त्र. स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत आपली भाषा मराठी असल्याचे म्हटले आहे. मात्र शुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही, म्हणून तिच्यात येथील बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत, असेही ते सांगतात. त्यांचीच 'दौत्रीन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, राशोल येथे छापली गेली. त्या दोन्हींचा विषय पोर्तुगीज ज्या भाषेला 'कानारी' म्हणत ती, म्हणजे कोकणी. याचा अर्थ असा की, प्रार्थना आणि धर्मशिक्षण घरच्या भाषेत, पण पुराण मात्र काव्याच्या प्रतिष्ठित भाषेत, अशी विभागणी त्यांच्या मनात स्पष्ट होती. ज्या मनुष्याने १५८३ मध्येच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य टिपले होते, त्याच्याकडून ही विभागणी अजाणतेपणी झाली असेल असे वाटत नाही. ब्राह्मणाने 'पूर्वीच्यांसारखे' पुराण मागितले, आणि पूर्वीची पुराणे मराठीत होती. भाषेची निवड त्या विनंतीनेच ठरवली होती.

येथे मराठी आणि कोकणी यांच्या वादाचा निकालही थोडा निराळा लागतो. कोकणीला १९८७ मध्ये गोव्यात राजभाषेचा आणि १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात समावेशाचा मान मिळाला. त्या प्रवासात स्टीफन्स कोणाचे, ही ओढाताण पुष्कळ झाली. भाषाशास्त्र शांतपणे सांगते की, दोन भाषांची कामे वेगळी ओळखून दोहोंची सेवा करणाऱ्या लेखकाला एकाच दावणीला बांधण्याचे कारण नाही.

चौथी विद्या पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठ निश्चित करण्याचे शास्त्र. तिच्याकडे आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, आणि तिच्यावाचून पाचव्या विद्येचे पाऊल अडते. ती पाचवी विद्या म्हणजे ईशज्ञान.

ईशज्ञानाच्या अभ्यासकाला विचारायचे असते की, स्टीफन्स यांनी ख्रिस्ती श्रद्धा मराठी मातीत रुजवली, की फक्त मराठी कपडे चढवले? स्वर्गासाठी ते 'वैकुंठ' म्हणतात, आणि त्याच ग्रंथात मूर्तिपूजेवर कडक टीकाही करतात. जुना शब्द घ्यायचा आणि त्यातून जुना देव वगळायचा, हा त्यांचा मार्ग. येथवर ठीक. पण पुढे एक अडचण उभी राहते. रोमन लिपीतील प्रतींत काही महत्त्वाच्या धर्मसंज्ञा पोर्तुगीज वा लॅटिन आहेत. याउलट विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला गेलेल्या देवनागरी हस्तलिखितात तशा ठिकाणी संस्कृत वळणाच्या संज्ञा आढळतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन ॲबट यांनी या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. यांपैकी स्टीफन्स यांच्या लेखणीतून उतरलेले शब्द कोणते? देवनागरी पाठ मूळचा असेल, तर स्टीफन्स यांचे धाडस आपण समजतो त्याहून मोठे होते आणि छापताना ते आवरले गेले. रोमन पाठ मूळचा असेल, तर पुढच्या कोणा देशी ख्रिस्ती लेखकाने त्यांच्याही पुढे पाऊल टाकले. दोन्ही शक्यता आपल्या समाजाच्या इतिहासाच्या दृष्टीने रोमांचक आहेत, पण त्या एक नाहीत. पाठ निश्चित झाल्यावाचून 'संस्कृतिसंगमाचा आद्य प्रवर्तक' अशी बिरुदे देणारे ईशज्ञान वाळूवर घर बांधते.

मुद्रणाचा इतिहास येथे साहाय्याला येतो. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्स यांनी रोमच्या वरिष्ठांकडे या देशाच्या लिपीत व भाषेत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली होती. देशी लिपीचे शेकड्यांनी खिळे पाडावे लागत, ही त्यातील अडचण होती. ग्रंथ शेवटी रोमन लिपीत निघाला. शिवाय त्या काळी धर्माधिकारी आणि इन्क्विझिशन यांच्या परवानगीखेरीज काहीही छापता येत नसे. तेव्हा छापील पान हे केवळ लेखकाचे मन नव्हे. त्यावर खिळ्यांचा आणि परवान्यांचाही हात फिरलेला असतो.

तरीही ईशज्ञानाचे स्वतःचे असे एक काम उरतेच, जे इतर चारांपैकी कोणालाही करता येत नाही. इतिहास सांगतो की सक्ती होती. पण सक्तीच्या छायेत उच्चारलेला शब्द खरा असू शकतो काय, हा प्रश्न इतिहासाचा नाही. ज्या पिढीवर हा धर्म लादला गेला असेल, तिच्या नातवंडांनी उपासकाळात त्याच ओव्या डोळ्यांत पाणी आणून गाइल्या, त्या अश्रूंचे मोल काय? सत्तेने दिलेली वस्तू श्रद्धेने घेतली म्हणजे ती सत्तेचीच राहते काय? श्रद्धा ही देवाची देणगी आहे, ती कोणाच्याही तलवारीची मिंधी नसते, असे आपले ईशज्ञान म्हणते. ते म्हणणे खरे ठरायचे असेल, तर तलवार होती हे आधी मान्य करावे लागते. अन्यथा ती केवळ पळवाट होते.

या सर्व विद्या एकत्र आणणे म्हणजे काय, याविषयी एक सावधगिरी हवी. अलीकडे परिसंवादांत भाषेचा एक, इतिहासाचा एक, धर्माचा एक असे वक्ते बोलावतात. प्रत्येक जण आपली वीस मिनिटे बोलतो आणि शेवटी आभारप्रदर्शन होते. पाच निबंधांची बेरीज हे आकलन नव्हे. वर आपण पाहिले की काव्यशास्त्राने इतिहासाला रोखले, इतिहासाने काव्यशास्त्राला जागे केले, पाठचिकित्सेने ईशज्ञानाला थांबवले, आणि ईशज्ञानाने इतिहासाला त्याची हद्द दाखवली. विद्यांनी एकमेकींना असे अडवले पाहिजे. त्यांची नुसती भलामण करून भागत नाही.

जुन्या ख्रिस्ती विद्यापीठांत व्याकरण, अलंकार आणि तर्क ही त्रयी आधी शिकवीत, मग गणित, भूमिती, संगीत व ज्योतिष, आणि त्यानंतरच तत्त्वज्ञान व ईशज्ञान. येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेतही भाषा व साहित्याचा पाया घातल्याखेरीज ईशज्ञानाच्या वर्गाची वाट मोकळी होत नसे. ज्याला वाक्य नीट वाचता येत नाही त्याने देवाविषयी घाईने बोलू नये, हे त्या क्रमामागचे शहाणपण. स्टीफन्स त्याच मुशीतून घडले होते. त्यांना वाचतानाही तोच क्रम पाळणे उचित.

आपल्याकडे असे वाचन मुळीच झाले नाही असे नाही. अ. का. प्रियोळकर यांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. भारतातील मुद्रणकलेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९५८ चा आणि गोव्यातील इन्क्विझिशनवरील १९६१ चा. मिशनऱ्यांच्या छापखान्याचे ऋण आणि त्यांच्या धर्मन्यायासनाचे अपराध, दोन्ही एकाच लेखणीने नोंदले. मराठीत पाठचिकित्सेचे शास्त्र रुजवणारेही तेच. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याचे कारण नाही. कोकणीविषयीच्या त्यांच्या भूमिकेला तर पुष्कळांनी विरोध केला. पण एकाच मनात दोन विरोधी साक्षी बाळगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. आपल्या लेखकांत छापखान्याविषयी लिहिणारे पुष्कळ सापडतात. धर्मन्यायासनाचे नाव निघाले की मात्र लेखणी आखडते.

मग त्या विनंतीचा अर्थ काय लावायचा? माझ्या मते ती एकाच वेळी तक्रार आहे आणि मागणीही. तुम्ही आमचे काही हिरावलेत, आता आम्हांला काही द्या, असे ती म्हणते. स्टीफन्स यांनी मागणी पुरवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांनी तक्रारही लिहून ठेवली, याकडे आपले लक्ष गेले नाही. ती गाळणे त्यांना सहज शक्य होते. केवळ 'आम्हांस पुराण द्या' एवढेच श्रोत्याच्या मुखी घालून भागले असते, आणि काव्यसंकेताची त्याहून अधिक अपेक्षाही नव्हती. तरीही मनाईचा उल्लेख राहिला. तो सहृदयतेने ठेवला, की मनाई ही त्यांना इतकी न्याय्य वाटत होती की लपवावेसेही वाटले नाही, याचा निवाडा त्यांच्या अंतःकरणात शिरल्यावाचून करता येणार नाही. पण परिणाम दोन्ही अर्थांनी एकच. या ग्रंथाने आपल्याविरुद्धचा पुरावा आपल्याच पहिल्या अध्यायात चारशे वर्षे जपला आहे.

असा ग्रंथ दाखला म्हणून वापरण्याजोगा नसतो. दाखल्यावर एकच ओळ असावी लागते, येथे तर अकरा हजार ओव्या आहेत आणि त्या एकमेकींना प्रश्न विचारतात. 'तुम्ही कोणाचे?' असे विचारणाऱ्यांपुढे मराठीस्तुतीच्या ओव्या टाकून आपण सुटका करून घेतो, तेव्हा आपण विचारणाऱ्याचा प्रश्नच योग्य मानलेला असतो. त्याऐवजी संपूर्ण पहिला अवस्वरू त्याच्यासोबत वाचावा. स्तुती वाचावी आणि विनंतीही वाचावी. ज्यांच्या पोथ्या गेल्या ते आपलेच पूर्वज होते, आणि ज्यांनी नवी पोथी गाइली तेही आपलेच. हा वारसा अखंड स्वीकारणाऱ्याला आपल्या मराठीपणाचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही. त्यासाठी आपल्या धर्मग्रामांतील वाचनमंडळांनी, गुरुविद्यालयांनी आणि मराठीच्या प्राध्यापकांनी या ग्रंथाची पाने एकत्र बसून उलटण्याची गरज आहे. आरंभ पहिल्या अवस्वरूपासूनच करावा, आणि या वेळी कोणतीही ओवी वगळू नये.